अकरावीला काय घ्यायचं?

(1997च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला बोलायला विषय दिला तो 'विषयनिवड आणि करिअर'. का दिला ते आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. दर मे-जूनमध्ये कुणीतरी विचारतं, "मुलाला चौऱ्याऐंशी टक्के पडलेत, सायन्स घ्यावं का?" त्याखाली वीस-पंचवीस उत्तरं येतात, आणि ती सगळी इतक्या ठामपणे दिलेली असतात की विचारणारा शेवटी हात जोडल्याची खूण टाकून गप्प बसतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता आठवी ते बारावीत आहेत. माझी मुलगीही यंदा दहावीला आहे. तेव्हा मी काही तज्ज्ञ म्हणून उभी नाही. मी सॉफ्टवेअरवाली आहे, बावीस वर्षं हे काम करते आहे, नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. तिथून जे दिसतं ते सांगते.

आपल्या वेळी हा प्रश्न नव्हताच. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका बघून कुणीतरी मोठं माणूस ठरवायचं. ऐंशीच्या वर म्हणजे सायन्स, मधले कॉमर्स, आणि उरलेले आर्ट्स. चिपळूणात सायन्स म्हणजे डीबीजे. बारावीनंतर एकच प्रश्न, "ग्रुपला किती?" फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे तीनशेपैकी किती पडले, त्यावर इंजिनिअरिंगचा नंबर लागायचा, सीईटी वगैरे अजून यायची होती. एखाद्या मुलाला इतिहासात पैकीच्या पैकी मार्क असले तरी "मार्क चांगले आहेत ना, मग सायन्स घे" एवढंच. आणि एखाद्या मुलीला गणित छान यायचं, पण टक्के बेताचे, म्हणून ती कॉमर्सला, तिथेही "गणित कशाला, एसपी घे, स्कोअरिंग आहे." सेक्रेटेरियल प्रॅक्टिसने किती मुलींचं गणित खाल्लं याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आजचे आईबाप जास्त विचार करतात, हे चांगलंच आहे. पण विचार कशाचा करतात? "पुढे कशाला स्कोप आहे?" आता या स्कोपची गोष्ट ऐका. दहावीच्या निकालापासून हातात डिग्री येईपर्यंत सहा वर्षं जातात. आपण 1999 मध्ये बारावी झालो तेव्हा वायटूकेची हवा होती. ज्याला त्याला कॉम्प्युटर नाहीतर आयटी हवं. सिव्हिल मिळालेल्या मुलाच्या घरी लोक समाचाराला आल्यासारखे येऊन जात. दोन वर्षांत तिकडे अमेरिकेत डॉट-कॉमचा फुगा फुटला. माझ्या कॉलेजातल्या सीनियर मुलांच्या हातात ऑफर लेटर होती आणि जॉइनिंगचं पत्र काही येत नव्हतं. त्याच सुमाराला देशात सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यांची कामं जोरात होती, आणि ज्याच्या घरी समाचाराला गेलो होतो तो साइटवर पगार घेत होता. पुढे 2008 ला पुन्हा मंदी, मग पुन्हा तेजी. आज कॉम्प्युटर शाखेच्या नावापुढे एआय आणि डेटा सायन्स जोडून जागा वाढल्यात. आणि माझ्या टीममध्ये काय चाललंय? तीन-चार वर्षांपूर्वी नवीन मुलांना आम्ही जो सोपा कोड लिहायला द्यायचो, त्याचा कच्चा मसुदा आता एआय मिनिटभरात देतं. नवीन मुलाचं काम आहे तो वाचणं आणि त्यात कुठे चुकलंय ते पकडणं. सहा वर्षांनी काय असेल ते मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्या क्लासची फी आधी विचारून घ्या.

म्हणून पंधराव्या वर्षी करिअर निवडायच्या भानगडीत फार पडू नये, असं माझं मत आहे. दारं बघावीत. हा विषय सोडला तर कुठली दारं बंद होतात, आणि बंद झालेलं दार पुढे उघडायला किती त्रास पडतो. सगळे विषय या बाबतीत सारखे नसतात. अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, प्रोग्रॅमिंग हे विषय विसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षीही नव्याने सुरू करता येतात, लोक करतात. गणित आणि प्रयोगशाळेचे विषय एकदा सुटले की परत धरायला जड जातात. गणित तर पायरी-पायरीने चढायचं असतं, मधल्या चार पायऱ्या नसल्या की पाय ठेवायला जागा नाही.

याचं एक गमतीदार उदाहरण माझ्याच धंद्यातलं. पालक मला विचारतात, "कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय, मग अकरावीला बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स घ्यायलाच हवं ना?" अजिबात गरज नाही. दोनशे मार्कांचा विषय आहे, चांगला शिकवला तर मजा येते, जीवशास्त्र आणि दुसरी भाषा सोडायची तयारी असेल तर घ्या. पण प्रवेशाच्या पात्रतेत लागतं ते फिजिक्स आणि गणित, आणि त्यांच्या जोडीला केमिस्ट्री किंवा ठरवून दिलेल्या यादीतला एखादा विषय. आपल्यातला एक जण मँचेस्टरला असतो, आज येऊ शकला नाही. त्याचा मुलगा ए-लेव्हलला आहे. तिथे सोळाव्या वर्षी मुलं तीन-चार विषयांवर येतात. त्यानेही फोनवर हेच सांगितलं. केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्सला जायचं तर गणिताची ए-लेव्हल सक्तीची, कॉम्प्युटरची नाही. दोन्हीकडच्या लोकांनी काही आपसात ठरवलेलं नाही. कोड लिहायला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. गणित येतं असं धरूनच चालतात.

एमएचटी-सीईटीचं गणित बघा. पीसीएमच्या परीक्षेत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून शंभर मार्क, आणि एकट्या गणिताचे शंभर. पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. आणि वीस टक्के प्रश्न अकरावीवर. अकरावीचं वर्ष 'आरामाचं' म्हणून घालवणाऱ्या आपल्या लेकरांना हे एकदा सांगून ठेवा.

तुम्ही म्हणाल, पण आता तर गणिताशिवाय इंजिनिअरिंग होतं असं पेपरात आलं होतं. आलं होतं. 2021 मध्ये एआयसीटीईने चौदा विषयांची यादी काढली आणि त्यातले कुठलेही तीन चालतील म्हटलं. त्यात जीवशास्त्र होतं, शेती होती, बिझनेस स्टडीजसुद्धा. खूप आरडाओरडा झाला, मग ज्यांचं गणित नाही त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स असं काही काही सांगितलं गेलं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची वाट अजून गणितावरूनच जाते. पण समजा उद्या नियम पूर्ण सैल झाला. पात्रता म्हणजे फाटकावरचा वॉचमन. त्याने आत सोडलं तरी आत एम-वन, एम-टू बसलेलेच आहेत, आणि एम-थ्री त्यांच्या मागे. आपल्यातले जे रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले, त्यांना विचारा एम-थ्रीने काय केलं. प्रॅक्टिकलमध्ये ते आमच्या कितीतरी पुढे होते, ड्रॉइंग हातात बसलेलं, मशीनला न घाबरणारे. दमवलं ते गणिताने. तरीही डिप्लोमाची वाट चांगली आहे, आणि आपण ती मुलांना फारशी सांगत नाही. ज्या मुलाचा हात चालतो आणि पुस्तकात जीव रमत नाही, त्याला दहावीनंतर तीन वर्षांत काहीतरी हातात येतं आणि पुढची डिग्रीही बंद होत नाही.

कॉमर्सकडे येते. माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, बीकॉम, अतिशय हुशार. टेस्टिंगमध्ये लागली आणि दोन वर्षांत आमच्यापेक्षा नेमके दोष काढायला लागली. तिला एमसीए करायचं होतं. पात्रता बघितली तर बारावीला किंवा पदवीला गणित हवं. हिने बारावीला एसपी घेतलेलं. गणित नसलेल्यांसाठी ब्रिज कोर्सची तरतूद नंतर आली. ती शोधत होती तेव्हा नव्हती. शेवटी तिने बारावीचं गणित एकटा विषय म्हणून पुन्हा दिलं. बोर्डाची तशी सोय आहे, एनआयओएसकडूनही देता येतं. म्हणजे दार उघडलं, पण नोकरी, घर, एक लहान मूल आणि रात्री साडेदहानंतर इंटिग्रेशन. सोळाव्या वर्षी जे वर्गात बसून झालं असतं त्याची ही किंमत. सीएला जाणाऱ्या मुलांनाही माझं हेच सांगणं. सीएला गणित घेतलंच पाहिजे असं नाही, पण फाउंडेशनला शंभर मार्कांचा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा पेपर तुमची वाट बघत असतो. आणि अर्थशास्त्र पुढे जाऊन गंभीरपणे करायचं असेल, तर दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीचं गणित लागतं. अर्थशास्त्र आर्ट्सचा विषय म्हणून गणित सोडून देणारी किती मुलं हे अगदी शेवटी बघतात!

आता बायोवाले. नीटला 2025 मध्ये बावीस लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या खाजगी कॉलेजांची फी ऐकली की आपल्यातल्या बहुतेकांनी ती मोजायचीच नाही. डॉक्टर व्हायचंय म्हणून अकरावीलाच गणित सोडलेल्या मुलाला पुढे काय उरतं? बरंच उरतं, घाबरू नका. फार्मसीला पीसीबी चालतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री आहे, तिला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही चालतात. बीएस्सी नर्सिंग तर पीसीबीवरच. पण इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, कॉम्प्युटरच्या बऱ्याच पदव्या सुटतात. म्हणून झेपत असेल तर दोन्ही ठेवा. नाही झेपत तर निदान सोडताना काय सोडतोय ते मुलाला समजावून सांगा, एवढंच.

'झेपत असेल तर' हे मी उगाच म्हटलं नाही. आपल्याच वर्गातला एक जण, आज इथे बसलाय आणि मी त्याची परवानगी घेतली आहे, त्याने घरच्यांच्या हट्टापायी गणित घेतलं आणि बारावीची परीक्षा तीनदा दिली. ती तीन वर्षं तो कुणाच्या लग्नालासुद्धा जायचा नाही. नंतर त्याने धंदा सुरू केला, आणि आज त्याच्या हिशोबातली चूक काढायला मला जमणार नाही. गणित त्याला येत होतंच, फॉर्म्युले येत नव्हते. अशा मुलाला दारांचं तत्त्वज्ञान सांगून त्याचं आयुष्य अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. दार उघडं ठेवायलाही किंमत पडते, आणि ती मूल भरत असतं. माझा एक साधा निकष आहे. कुणी न सांगता, परीक्षा नसताना, मूल कुठल्या विषयाचं पुस्तक उघडतं? आणि कुठल्या विषयाचं पुस्तक बघून पोटात दुखतं? पहिला विषय घ्याच. दुसरा कशासाठी ठेवायचा याचं नेमकं उत्तर तुमच्याकडे असेल तरच ठेवा. "असू दे, उपयोगी पडेल" हे उत्तर नाही. दहावीच्या मुलांची बोर्डाने मध्ये काही वर्षं कल चाचणी घेतली, रिपोर्टही दिले. वाईट नव्हती ती कल्पना. पण किती घरांत तो रिपोर्ट मार्कलिस्टच्या आधी वाचला गेला?

एक गोष्ट मराठीच्या बाईंसमोर सांगायला जरा जीवावर येतं, पण सांगते. हल्ली अकरावी सायन्सला बरीच मुलं मराठी सोडून आयटी घेतात. कारण एकच, मार्क मिळतात. मुलाला त्या विषयाची आवड असेल तर जरूर घ्यावा. पण नुसत्या मार्कांसाठी असेल तर कशासाठी? प्रवेश सीईटीवर, बोर्डाचे मार्क पात्रतेपुरते. माझ्या कामाचा निम्मा दिवस लिहिण्यात जातो. ही प्रणाली अशी का बांधायची, काल रात्री ती का बंद पडली, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं. लिहिते मी इंग्रजीत. पण मुद्दे एकामागून एक लावायचे, वाचणाऱ्याला आधी काय सांगायचं आणि नंतर काय, हे मी नववी-दहावीच्या निबंधाच्या वहीत शिकले. त्या वहीत लाल शाईने 'याचा वरच्या वाक्याशी संबंध काय?' असं लिहिलेलं असायचं. आज मी माझ्या ज्युनिअर मुलांच्या डॉक्युमेंटवर तेच वाक्य इंग्रजीत लिहिते. बाई, रॉयल्टी द्यायची राहिली आहे.

माझ्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती पुण्यात सीबीएसईला आहे. तिला इतिहास आणि मानसशास्त्र हवंय. घरात दोन इंजिनिअर, तेव्हा घरात काय वातावरण आहे याची कल्पना करा. तिची आजी म्हणते, "एवढे मार्क आणि आर्ट्स?" मला आर्ट्सचं काही वाटत नाही, मला वाटतं ते गणिताचं. मानसशास्त्र पुढे शिकायचं तर संख्याशास्त्र पाठ सोडत नाही. म्हणून मी शोधायला लागले, की आर्ट्समध्ये गणित घेता येतं का. घेता येतं! आपल्या स्टेट बोर्डातही आर्ट्सच्या मुलाला गणित घ्यायची मुभा आहे, सायन्सचाच पेपर. सीबीएसईत तर 2020 पासून अप्लाइड मॅथेमॅटिक्स नावाचा वेगळा विषयही आहे, मात्र पुढचं कॉलेज तो धरतं की नाही ते आधी विचारून घ्यावं लागतं. नवीन शिक्षण धोरणातही शाखांच्या भिंती नकोत असंच लिहिलंय. मग अडचण कुठे? अडचण टाइमटेबलमध्ये. पुण्यात मी सात ठिकाणी फोन केले. पाच ठिकाणी सांगितलं, "मॅडम, आर्ट्सच्या वेळेत गणिताचा तास नाही." सहावीकडे तास होता, पण मुलंच मिळत नाहीत म्हणून बंद केलेला. सातवीने या म्हटलंय. मुलगी अजून हो म्हणालेली नाही. तिचं म्हणणं, "तू दारं दारं करतेस, मला आत जाऊन बसायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नाही. जूनपर्यंत वेळ आहे.

पण ही माझी मुलगी. तिच्या घरात सात फोन करायला माणूस आहे. काल दुपारी मुख्याध्यापकांनी मला दहावीच्या वर्गावर नेलं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, खेर्डीकडून एसटीने येते. गणितात वर्गात पहिली आहे असं सरांनी सांगितलं. मी विचारलं, पुढे काय घेणार? म्हणाली, "आर्ट्स. सायन्सला क्लास लावावा लागतो ना." तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं की आर्ट्समध्ये गणित मागता येतं. पॉलिटेक्निकचं माहीत नव्हतं. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे, बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं आणि त्यांची पात्रता फेरी पार केली की प्रवेश, हेही नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत. म्हणजे पसंतीक्रम ती एखाद्या सायबर कॅफेत, तिथला मुलगा सांगेल तसा भरणार.

तर समितीतल्या आम्ही चौघांनी काल रात्री ठरवलंय आणि मुख्याध्यापकांचा होकार घेतलाय. बोर्डाची परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, आणि पुन्हा निकालानंतर फॉर्म भरायच्या आठवड्यात, आपल्यातले दहा-बारा जण शाळेत येऊन बसतील. भाषणं नाहीत. एकेका बाकावर एकेक जण, मुलं आणि पालक येतील, विचारतील. नर्स हवी, सीए हवा, एसटीतला आपला वर्कशॉपवाला हवा, शेती करणारा हवा, आर्ट्स करून पुढे गेलेले तर दोघं-तिघं हवेत. फॉर्म भरायला दोन लॅपटॉप मी आणते. नावं द्यायची वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला बसायच्या आधी नाव लिहा, जेवणानंतर कुणी सापडत नाही.